मादागास्करचा नकाशा कसा वाचायचा? सह्याद्री उलटा धरून

प्रश्न थोडक्यात परत मांडते. तुमची कंपनीकडून दोन वर्षांसाठी मादागास्करच्या राजधानीत, अंतानानारिवोला बदली होतेय, बरोबर बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. तुम्ही विचारलंय की बेट आहे म्हणजे हवा मुंबईसारखी चिकट असणार का, सॅटेलाइट नकाशात अर्धं बेट हिरवंगार आणि अर्धं विटकरी का दिसतं, आफ्रिका एवढी शेजारी असून तिथे सिंह-हत्ती कसे नाहीत, आणि ख्रिसमसच्या सुट्टीत गाडी काढून किनाऱ्या-किनाऱ्याने पूर्ण बेटाला वळसा घालता येईल का. वर बऱ्याच जणांनी "मस्त देश आहे, बिनधास्त जा" लिहिलंय, त्याच्याशी मी सहमत आहे, फक्त त्यातून तुमच्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही म्हणून हे लांबलचक लिहितेय.

मी भूजलवाली. म्हणजे विहीर कुठे खणायची, बोअर कुठे मारायची, किती खोल मारायची हे सांगायचं काम. सुरुवात आपल्याकडच्या काळ्या कातळात झाली, नंतर मादागास्करमधल्या पाणीपुरवठ्याच्या कामांवर बराच काळ होते, डोंगराळ भागातही आणि खाली कोरड्या दक्षिणेतही. त्यामुळे मी कुठलाही प्रदेश पाण्याच्या बाजूने बघते, पाऊस कुठून येतो, कुठे अडतो, वाहून कुठे जातो. आणि मादागास्करच्या बाबतीत तुमच्या सगळ्या प्रश्नांची मुळं याच एका गोष्टीत आहेत असं माझं मत आहे.

आधी आकार डोक्यात बसवा, कारण "बेट" म्हटलं की आपल्याला एलिफंटा नाहीतर फार तर श्रीलंका आठवते. मादागास्करचं क्षेत्रफळ साधारण ५,८७,००० चौरस किमी, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीला थोडंसंच कमी. ग्रीनलँड, न्यू गिनी, बोर्निओ आणि मग हे, असा जगात चौथा नंबर. उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत जवळपास १,६०० किमी, आणि रुंदी जास्तीत जास्त पावणेसहाशे किमीच्या आसपास. उत्तर टोक विषुववृत्तापासून १२ अंशावर, दक्षिण टोक साडेपंचवीस अंशांच्याही थोडं खाली, आणि मकरवृत्त नैर्ऋत्येच्या तुलिआरा शहराच्या जवळून जातं. एवढ्या लांबीच्या देशाची "हवा कशी आहे" या प्रश्नाला एक उत्तर नसतंच, जसं "भारतात पाऊस कसा असतो" याला नसतं.

आता मुख्य मुद्दा. सह्याद्रीचा आडवा छेद आठवा, शाळेच्या भूगोलात असायचा तो. पश्चिमेला समुद्र, मग कोकणची चिंचोळी पट्टी, मग एकदम घाटाची भिंत, घाट चढून वर आलं की देश, आणि देश हळूहळू पूर्वेकडे उतरत जातो. त्र्यंबकेश्वरला अरबी समुद्र शंभर किमीच्या आत आहे, तरी गोदावरी पाठ फिरवून जवळपास दीड हजार किमी वाहते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. आता हा छेद आरशात बघा, झालं मादागास्कर. तिथे भिंत पूर्वेला. पूर्व किनाऱ्याला चिंचोळी पट्टी, मग एकदम चढ, वर डोंगराळ पठार, आणि तिथून सगळं हळूहळू पश्चिमेला मोझांबिक खाडीकडे उतरत जातं. पूर्वेच्या नद्या आखूड, धबधब्यांच्या, घाईत समुद्र गाठणाऱ्या, आणि पश्चिमेच्या बेत्सिबोका, त्सिरिबिहिना, मांगोकी या लांब, रुंद, गाळाने भरलेल्या. अंतानानारिवोतून वाहणारी इकोपा नदी बघा, पूर्वेचा समुद्र कितीतरी जवळ आहे, पण ती वायव्येला जाऊन बेत्सिबोकाला मिळते आणि ते पाणी शेवटी वायव्य किनाऱ्यावरच्या महाजंगा बंदरापाशी समुद्रात पडतं.

हे साम्य नुसतं दिसण्यापुरतं नाही, जन्माचा संबंध आहे. गोंडवन, म्हणजे दक्षिणेकडचा तेव्हाचा एकसंध महाखंड, फुटताना मादागास्कर आणि भारत आधी मिळूनच आफ्रिकेपासून सुटले, साधारण १६ कोटी वर्षांपूर्वी, आणि पुढे कितीतरी काळ एकत्रच होते. मग सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी भारत मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यापासून तुटून ईशान्येला निघाला. मादागास्करचा पूर्व किनारा जवळजवळ पट्टी लावून आखल्यासारखा सरळ दिसतो ना, ती त्या तुटण्याची रेघ. आता इथे लोक उत्साहात "कोकण आणि मादागास्कर चिकटलेले होते" असं लिहितात, ते थोडं सैल विधान आहे. समोरासमोर होता तो मुख्यतः आजचा कर्नाटक-केरळचा भाग. धारवाडच्या जुन्या खडकांचे भाऊबंद मादागास्करच्या ईशान्येला अंतोंगिल उपसागराजवळ मिळतात, आणि उडुपीजवळ माल्पेच्या समोरची सेंट मेरीज बेटं, ते खांबांसारखे खडक, ते याच ताटातुटीच्या काळातल्या ज्वालामुखीतले मानले जातात. आपल्या महाराष्ट्राचा काळा कातळ त्यानंतर दोन-सव्वादोन कोटी वर्षांनी, भारत पुढे सरकल्यावर ओतला गेला, म्हणून तो तिथे नाही. तिथेही बेसॉल्ट आहे पण तो वेगळा, त्या तुटण्याच्या वेळचा, आणि काही ठिकाणी अगदी अलीकडचा.

म्हणून उपमा कुठे मोडते तेही सांगते, नाहीतर तुम्ही तिथे उतरून लोहगड-विसापूरसारखे सपाट माथ्याचे डोंगर शोधत बसाल. आपला देश लाव्हाच्या थरांचा, पायऱ्या-पायऱ्यांचा. तिथलं पठार ग्रॅनाइट आणि नाइस खडकाचं, फार जुनं, आणि ते "पठार" म्हणायलाच तेवढं, सपाट जागा शोधावी लागते. गोलसर पाठीच्या लाल टेकड्या एकामागून एक, आणि दोन टेकड्यांच्या मधे भातखाचरं. शिवाय उंची. पुणे ५६० मीटरवर, अंतानानारिवो साधारण १,२८० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळपास जाणारी उंची, आणि तिच्या दक्षिणेचं अंत्सिराबे आणखी वर, १,५०० मीटरच्या आसपास. सर्वात उंच शिखर मारोमोकोत्रो, उत्तरेच्या त्सारातानाना डोंगरात, २,८७६ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६.

आता पाऊस. आपल्याकडे वारा चार महिने नैर्ऋत्येकडून येतो आणि मग पाठ फिरवतो. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर आग्नेय व्यापारी वारे जवळपास वर्षभर हिंदी महासागरावरून ओल घेऊन भिंतीवर आदळत राहतात. परिणाम असा की तोअमासिना या पूर्वेच्या बंदराला वर्षाला ३,००० मिमीहून जास्त पाऊस पडतो, मुंबईपेक्षा बराच जास्त, पण खरा फरक आकड्यात नाहीये, मुंबईला आठ महिने छत्री कपाटात जाते आणि तोअमासिनाला एकही महिना धड कोरडा नसतो, सप्टेंबर-ऑक्टोबर जरा बरे एवढंच. त्यामुळे त्या उतारावर सदाहरित जंगल. आपल्या घाटातल्या जंगलाला उन्हाळा सोसावा लागतो, त्या जंगलाला तो माहीतच नाही.

भिंत ओलांडून वर आलात की नियम बदलतो. अंतानानारिवोला वर्षाला १,३०० ते १,४०० मिमी, आणि तो जवळजवळ सगळा नोव्हेंबर ते मार्चमध्ये, कारण त्या महिन्यांत सूर्य दक्षिणेला असतो आणि वायव्येकडूनही ओलसर हवा येते. दुपारी ढग जमतात, संध्याकाळी गडगडाट करून कोसळतो, सकाळी परत ऊन, हे तुम्हाला आपल्या मेच्या वळवासारखं वाटेल. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं. आणि जून-जुलैमध्ये थंडी, रात्री १० अंशांच्या आसपास, घरांना हीटर बहुतेक नसतातच. तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर, राजधानीत मुंबईची चिकचिक नाही, उलट मुलांना स्वेटर लागतील आणि ते जूनमध्ये लागतील. अंत्सिराबेला तर हिवाळ्यात कधीकधी दव गोठतं.

पश्चिम उतारावर पाऊस कमी होत जातो आणि कोरडा काळ लांबत जातो. महाजंगाचा पावसाचा तक्ता बघितला तर मुंबईचाच उलटा करून ठेवलाय असं वाटेल, मे ते ऑक्टोबर जवळजवळ शून्य. तिथे आहे चिकट उकाडा, तुम्हाला हवाच असेल तर. आणि नैर्ऋत्येला तुलिआरापाशी येईपर्यंत वर्षाचे जेमतेम ४०० मिमी उरतात, आपल्या माण-खटावलाही त्याहून बरा पडतो.

हे सगळं एका जागी बघायचं असेल तर बेटाचं आग्नेय टोक, फोर्ट दोफाँ. माझ्या मते भूगोलाच्या विद्यार्थ्यांना जगात कुठे न्यायचं असेल तर इथे. शहराच्या मागे अनोसीचे डोंगर उभे आहेत, समुद्राकडची बाजू ओली, जंगल, ओढे, आणि तिथून पश्चिमेला अंबोआसारीकडे निघालात की ऐंशीएक किमीच्या आत काटेरी वनात पोचता, जिथे झाडांना पानांपेक्षा काटे जास्त, खोडात पाणी साठवणारी, त्यातली दिदिएरेसी कुळातली इथली झाडं तर मूळची याच कोरड्या पट्ट्यातली, जगात दुसरीकडे आपसूक उगवत नाहीत. आंदोहाहेला नावाचं एकच राष्ट्रीय उद्यान आहे ज्याच्या एका भागात पर्जन्यवन आणि दुसऱ्या भागात हे काटेवन. आपल्याकडे महाबळेश्वर ते फलटण जो बदल होतो तोच, पण टोकाचा. पावसाच्या सावलीवर अख्खं पुस्तक वाचण्यापेक्षा त्या रस्त्याने गाडीच्या खिडकीत बसून जाणं जास्त शिकवतं, अर्थात रस्ता चालू असेल तर, कारण तो रस्ता हा स्वतंत्र विषय आहे.

त्या कोरड्या पट्ट्याला अंड्रॉय म्हणतात आणि तिथे माझं बरंच काम होतं म्हणून थोडं जास्त लिहिते. बाहेरून आलेला माणूस पहिल्यांदा म्हणतो की बोअर मारा ना. प्रश्न असा आहे की पाणी लागतं, पण अनेक ठिकाणी खारं लागतं. पाऊस कमी, बाष्पीभवन प्रचंड, जमिनीत मुरलेलं थोडंसं पाणी वर्षानुवर्षं क्षार गोळा करत बसतं. त्यामुळे तिथे खोल गेलं की चांगलं पाणी हा आपल्याकडच्या बोअरवाल्यांचा आवडता हिशोब चालत नाही, कधीकधी नदीपात्राजवळचं उथळ पाणीच गोड आणि त्याच्या खालचं पिण्यालायक नाही. मांद्रारे नदी मोठी आहे, पण कोरड्या दिवसांत लोक तिच्या वाळूत झिरे खणून पाणी भरतात, अगदी आपल्या दुष्काळी भागातल्या नदीसारखं. मी तिथे कुठल्याही गावात गेले की आधी बायकांना विचारायचे की पाणी कुठून आणता, कुठलं पाणी भाताला चालतं आणि कुठलं फक्त धुण्याला. यंत्र नंतर लावायचे. क्षारांचा अर्धा नकाशा त्या उत्तरातच मिळतो.

तुलिआराच्या दक्षिणेला महाफाली पठार आहे, चुनखडीचं, तिथे गोष्ट आणखी वेगळी. पाऊस पडला की वर थांबतच नाही, चुनखडीच्या भेगांतून खाली, आणि पाणी जमिनीखालच्या पोकळ्यांतून समुद्राकडे निघून जातं. वर माणूस तहानलेला आणि खाली नदी, अशी अवस्था. काही ठिकाणी किनाऱ्यावर गोड्या पाण्याचे झरे समुद्राच्या काठालाच फुटतात. अशा जागी बोअर लागली तर भरपूर, नाहीतर शेजारीच कोरडी ठाक, त्यामुळे छातीठोकपणे "इथे लागेल" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तो कितीही अनुभवी असला तरी.

दक्षिणेतल्या दुष्काळाबद्दल तुम्ही बातम्यांत वाचलं असेल, २०२१ मध्ये परिस्थिती फारच वाईट होती, लागोपाठचे पावसाळे हुकले होते. त्या वेळी "हवामान बदलामुळे आलेला पहिला दुष्काळ" असे मथळे आले. डिसेंबर २०२१ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने आकडे तपासून सांगितलं की त्या पाऊस हुकण्यात नैसर्गिक चढउताराचा वाटा मोठा होता, हवामान बदलाचा असला तर थोडा, आणि गरिबी, तुटके रस्ते, पावसावरच विसंबलेली शेती यामुळे त्याचा घाव एवढा खोल गेला. मला ते पटतं, कारण तो प्रदेश मुळातच सावलीत आहे आणि सावलीतल्या प्रदेशात पाऊस कमी असतो त्याहून जास्त तो बेभरवशाचा असतो.

आता विटकरी रंग. सॅटेलाइट नकाशात पठार आणि पश्चिम विटकरी दिसतं त्याची दोन कारणं आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिलं, माती खरंच लाल आहे. उष्ण-ओल्या हवेत ग्रॅनाइट-नाइस लाखो वर्षं कुजत राहिलाय, त्यामुळे वर लोहाची लाल माती आणि तिच्याखाली मऊ झालेला खडक, आपल्या भाषेत मुरूमच म्हणा, पण आपल्यासारखा दोन-चार मीटर नाही, कित्येक ठिकाणी दहा-वीस मीटर आणि त्याहूनही जास्त. विहिरीसाठी हे चांगलं असतं, पाणी थोडं पण टिकाऊ मिळतं, टेकडीच्या पायथ्याला झरे वर्षभर चालतात आणि त्यांच्यावरच ती भातखाचरं जगतात. पण हाच जाड मऊ थर आतून ढासळतो. टेकडीच्या पोटात एकदम मोठा लाल खड्डा पडतो, वर गोल, खाली निमुळतं तोंड, त्याला तिथे लावाका म्हणतात. विमानातून अशा हजारो जखमा दिसतात. त्यातून निघालेली माती बेत्सिबोकात जाते आणि महाजंगाचं खाडीमुख विटेच्या रंगाचं होतं, अंतराळवीरांनी काढलेले त्याचे फोटो प्रसिद्ध आहेत.

दुसरं कारण म्हणजे जंगल नसणं, गवताळ टेकड्या, दरवर्षी लावले जाणारे वणवे. इथे सरसकट सांगितली जाणारी गोष्ट अशी की अख्खं बेट घनदाट जंगल होतं, माणूस आला, त्याने जाळलं, माती उघडी पडली, लावाका झाले. फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे मांडलं आणि ते अजून चालू आहे. यात तथ्य आहे, पूर्वेच्या उतारावरचं जंगल भातशेतीसाठी तोडून-जाळून झपाट्याने कमी झालंय, आपल्या डोळ्यांदेखत झालंय. पण पठाराबद्दल मी इतकं ठाम बोलणार नाही. तळ्यांच्या गाळात माणूस येण्याच्या आधीचाही कोळसा सापडतो, म्हणजे वणवे आणि काही गवताळ जागा आधीपासून होत्या, आणि काही लावाका माणसाच्या आधीचे निघाले आहेत. जाड कुजलेला थर, उतार, कोरड्या मोसमानंतर एकदम जोराचा पाऊस, आणि अधूनमधून भूकंपाचे हलके धक्के, एवढं जमलं की माणसाशिवायही टेकडी ढासळू शकते. माणसाने वेग किती वाढवला हे जागेवर अवलंबून आहे. एका टेकडीवर पायवाट आणि गुरांमुळे झालंय हे स्पष्ट दिसतं, पलीकडच्या टेकडीवर कोणी फिरकत नसताना तसाच खड्डा असतो. आणि जुने, ढासळायचे थांबलेले लावाका ओल धरून ठेवतात म्हणून शेतकरी त्यांच्या तळाशी केळी, भाजी लावतात, हेही मी बघितलंय.

बेटाचा पश्चिमेकडचा साधारण एक तृतीयांश भाग तर वेगळ्याच खडकाचा आहे, गाळाच्या खडकांचा, आफ्रिकेपासून सुटण्याच्या काळात मधल्या खोऱ्यांत आणि नंतर समुद्रात साचलेले थर. पर्यटक जे बघायला जातात ते बरंचसं इथे. इसालोचे वालुकाश्माचे डोंगर, आणि बेमाराहाचे त्सिंगी, म्हणजे चुनखडीचे सुऱ्यासारखे उभे सुळके, पावसाने वरून आणि भूजलाने खालून कापलेले, जागतिक वारसा यादीत १९९० पासून. भूजलवालीला ते बघून भरून येतं, पण मुलांना घेऊन जाताना चढउतार, शिड्या, झुलते पूल आहेत हे लक्षात ठेवा, आणि पावसाळ्यात तिथला रस्ताच बंद असतो. मोरोंदावाजवळचे बाओबाबही याच पश्चिम पट्ट्यात. आपल्याकडे जी गोरखचिंच म्हणून दिसते ती आफ्रिकेची जात, मादागास्करच्या सहा जाती वेगळ्या.

सिंह-हत्तींचं उत्तर यातच दडलंय. मोझांबिक खाडी सर्वात अरुंद जागी ४०० किमीच्या आसपास, नकाशात ते जवळ वाटतं. पण मादागास्कर आफ्रिकेपासून सुटलं तेव्हा सिंह-हत्तींचे पूर्वजही अजून घडायचे होते, डायनोसॉरचा काळ तो. नंतर जे आलं ते पाण्यावरून, वाहत आलेल्या झाडोऱ्यावर बसून. त्यासाठी प्रवाह योग्य दिशेचा हवा. एका अभ्यासानुसार पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी बेट आजच्यापेक्षा दक्षिणेला होतं तेव्हा प्रवाह अधूनमधून आफ्रिकेकडून बेटाकडे वाहत असावेत, आणि पुढे बेट उत्तरेला सरकल्यावर ती वाट बंद झाली. लेमूर (माकडांचे दूरचे भाऊबंद), टेनरेक (चिचुंद्रीसारखे छोटे प्राणी, काही काटेरी), तिथले उंदीरवर्गीय आणि फोसासारखे मांसाहारी, जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांचे आज हेच चार मोठे गट, बाकी वटवाघळं. आजचा समुद्रप्रवाह मुख्यतः पूर्वेकडून येतो. बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानाचा तुकडा २०१५ मध्ये रियुनियन बेटावर आणि पुढच्या वर्षी काही तुकडे मादागास्करच्या किनाऱ्यावर सापडले ते याच प्रवाहामुळे. माणसंही फार उशिरा पोचली, आणि तिथली भाषा आफ्रिकेची नाही, बोर्निओकडच्या भाषांच्या कुळातली आहे. थोडक्यात अंतर किमीत मोजू नका, वारा आणि प्रवाह कुठून कुठे जातात त्यात मोजा.

आता तुमची ख्रिसमसची प्रदक्षिणा. नाही होणार. कारण पैसा किंवा गाडी नाही, किनाऱ्याने सलग रस्ताच नाही, आणि तो का नाही हे आता तुम्हाला कळेल. पूर्वेला भिंतीवरून उतरणाऱ्या डझनावारी नद्या, प्रत्येकीच्या मुखाशी लाटांनी रचलेले वाळूचे बांध, त्यांच्या मागे खाजणं-तळी. फ्रेंचांनी ती तळी जोडून पांगालान हा कालवा केला, सहाशे किमीहून लांब, म्हणजे रस्त्यापेक्षा पाण्याची वाट सोपी होती. तोअमासिनाच्या उत्तरेला मारोआंत्सेत्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर अजून तराफ्यावर गाडी चढवून नद्या ओलांडाव्या लागतात. पश्चिमेला लांब नद्यांचे रुंद त्रिभुज प्रदेश आणि खारफुटी. त्यामुळे देशाची सगळी वाहतूक पाठीच्या कण्यावरून चालते, राजधानीहून निघा, कुठेतरी उतरा, परत वर या, मग दुसरीकडे उतरा.

आणि डिसेंबर ते मार्च हा पावसाचा आणि जानेवारीपासून चक्रीवादळांचा काळ. मार्च २००४ मध्ये गाफिलो ईशान्येला धडकलं, फेब्रुवारी २०२२ मध्ये बात्सिराई आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये फ्रेडी, दोन्ही मानांजारीच्या आसपास पूर्व किनाऱ्यावर. दरवर्षी तुमच्याच वाटेवर येईल असं नाही, पण पूर्व किनाऱ्याचं बुकिंग फेब्रुवारीत करू नका एवढं नक्की.

त्याऐवजी काय करा. मुलांच्या जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत राष्ट्रीय मार्ग ७ धरा, अंतानानारिवो ते तुलिआरा, साडेनऊशे किमीच्या आसपास. नकाशा सांगेल दोन दिवस, तुम्ही सहा-सात ठेवा, रात्री गाडी चालवू नका. या एका रस्त्यावर तुम्हाला पठार, अंत्सिराबेचे ज्वालामुखी आणि गरम पाण्याचे झरे, दूरवर अंद्रिंगित्राचे ग्रॅनाइटचे कडे, मग झाडं विरळ होत जाणारी गवताळ सपाटी, इसालो, आणि शेवटी काटेवन, असा छेदच्या छेद मिळतो. वाटेत फिआनारांत्सोआहून मानाकाराला उतरणारी जुनी रेल्वे आहे, १६३ किमीत ४८ बोगदे आणि ६७ पूल, १९३६ मध्ये पूर्ण झाली, आपल्या बोरघाटाची आठवण येईल. पण वादळं आणि दरडींमुळे ती कधी चालू कधी बंद असते, महिनाभर आधी स्थानिक माणसाकडून खात्री करा, इंटरनेटवरच्या वेळापत्रकावर जाऊ नका. तोअमासिनाकडे जाणारा मार्ग २ साडेतीनशे किमीच्या आसपास आहे, घाटात ट्रकच्या रांगेत सापडलात तर अख्खा दिवस जातो. वाटेत अंदासिबेला इंद्री लेमूरची हाक पहाटे ऐकायला मिळते, तेवढ्यासाठीही तो घाट उतरावा. बाकी दूरच्या जागांना विमान, परवडत असेल तर.

रस्त्यांची अवस्था दर पावसाळ्यानंतर बदलते, म्हणून मी दिलेले तास-दिवस अंदाजे धरा. तुमची गाडी कुठली, मुलं किती लहान, उलटीचा त्रास कुणाला, यावर पण बरंच आहे. तारखा आणि मुलांची वयं इथे लिहिलीत तर जास्त नेमकं सांगू शकेन.

एक शेवटचं, जे तुम्ही विचारलं नाहीत पण घर घेताना लागेल. अंतानानारिवो टेकड्यांवर वसलेलं आहे आणि टेकड्यांच्या मधला सखल भाग ही इकोपाची जुनी भातखाचरं आहेत, त्यावर आता वस्ती चढलीये. जानेवारी-फेब्रुवारीत जोराचा पाऊस झाला की पाणी तिथेच साचतं, २०१५ आणि २०२२ च्या जानेवारीत तर वाईट पूर आला होता. घरं बघायला बहुतेक तुम्ही कोरड्या मोसमात जाल, तेव्हा सगळीकडे छान लाल विटांची घरं आणि हिरवी खाचरं दिसतील. एजंटला विचारू नका. शेजारच्या दुकानदाराला विचारा की मागच्या पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत आलं होतं, आणि भिंतीवरची ओलीची रेघ स्वतः बघा. शक्यतो टेकडीच्या अंगावर मधल्या उंचीला घ्या, अगदी कड्याच्या खाली नको कारण तिथे दरडी आणि जुन्या भिंती पडतात, अगदी माथ्यावरही नको कारण कोरड्या दिवसांत नळाचा दाब तिथे पोचत नाही. घरमालकाकडे पाण्याची टाकी किती लिटरची आहे ते भाडं ठरवायच्या आधी विचारून घ्या.